चारशे सतराची भाकरी

झुलाल अहिरराव प्रयोगशाळेत नोकरीला आहे, एवढंच त्याच्या शिरपूरच्या सासरवाडीला कळलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी मुलगी दिली होती. त्यामुळे गेली अठरा वर्षं सासरचे लोक त्याला साखरेचे, थायरॉइडचे आणि एकदा तर म्हशीच्या गाभणपणाचे रिपोर्ट पाठवत होते. झुलाल दर वेळी लिहायचा, "मी ज्वारीच्या लॅबमध्ये आहे." त्यावर सासऱ्यांचं उत्तर यायचं, "तरी पण एकदा बघून घ्या."

ही ज्वारीची लॅब धुळ्याहून जळगावकडे निघालं की डाव्या हाताला होती. पाटीवर 'तृणधान्य आनुवंशिकी संशोधन केंद्र' असं लिहिलेलं असलं तरी आसपासच्या गावांत तिला 'ज्वारीनं ऑफिस', म्हणजे ज्वारीचं ऑफिस, म्हणत. झुलाल तिथला तंत्रज्ञ. शेतातून पानांचे तुकडे आणायचे, ते खलात घोटायचे, त्यातून डीएनए काढायचा, मशीनमध्ये घालायचा आणि शेवटी जेलीसारख्या 'जेल'वर उमटलेले पट्टे मोजायचे, हे त्याचं काम. त्यातल्या गेल्या अकरा वर्षांत तर त्यानं एवढे पट्टे मोजले होते की रस्त्यावरच्या झेब्रा क्रॉसिंगवरून जातानाही त्याचे ओठ हलायचे.

या अकरा वर्षांचं कारण होतं चारशे सतरा.

एका रब्बीत झुलालनं स्वतःच्या हातानं चारशे सतरा नंबरचा संकर केला होता. दुपारी कणसातल्या फुलांचे नर केसर चिमट्यानं एकेक करून उपटायचे, वर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परक्या कणसाचे पराग आणून त्यावर झटकायचे. ते झटकताना झुलालला जोराची शिंक आली होती. शिंकेचा परिणाम काय झाला ते शास्त्राला माहीत नाही, पण त्या कणसाला सत्तावीस दाणे लागले आणि त्या सत्तावीस दाण्यांतून निवडत निवडत हा वाण उभा राहिला. खोडमाशी त्याच्याकडे फिरकत नव्हती. उत्पन्न आपल्या नेहमीच्या दादर ज्वारीच्या दीडपट. कडबा एवढा गोड की केंद्राच्या कुंपणाला म्हशींनी दोनदा भगदाड पाडलं, आणि त्याची नोंद झुलालनं 'चाऱ्याची प्रत' या रकान्यात केली.

राहिली होती एकच चाचणी. माणसांनी तो खाऊन बघायचा.

ऐकून नवल वाटेल, पण अकरा वर्षांत चारशे सतरा कुणीच खाल्ला नव्हता. बियाणं थोडं, दाणा न् दाणा मोजलेला. त्याची भाकरी करणं म्हणजे लग्नाची पत्रिका वाटायच्या आधी मांडव जाळण्यासारखं. यंदा पहिल्यांदाच पोतंभर पीक आलं होतं. झुलाल त्याला आतून ओळखत होता, त्याच्या जनुकांपर्यंत ओळखत होता. चवीचं मात्र काही माहीत नव्हतं.

"भाकरीत दादरच्या पुढे गेला तर राज्याच्या चाचण्यांना जाईल," केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. चेलना ओस्तवाल म्हणाल्या. "नाही गेला तर बाद."

"बाद म्हणजे मॅडम, पुढच्या वर्षी परत..."

"बाद म्हणजे पाकिटात घालून शीतगृहात."

शीतगृहात आजवर दोन हजार तीनशे पाकिटं गेली होती. परत कुठलंच आलं नव्हतं.

चेलना मॅडम पाचोऱ्याच्या. वडील मांगीलाल शेठ धान्याचे जुने आडते. मुलीनं धान्याच्या धंद्यात यावं अशी शेठजींची इच्छा होती. मुलगी धान्यात पीएचडी करून आली आणि आकडेशास्त्रावर तिची एवढी श्रद्धा बसली की घरी वरणाला मीठ कमी पडलं तरी ती 'किती जणांना वाटलं?' असं विचारायची.

चाचणीचे नियम छापील होते. सहा वाण, प्रत्येकाला गुप्त क्रमांक (चारशे सतराचा तीन), दहा परीक्षक. रंग, वास, चव, मऊपणा आणि चार तासांनंतरचा टिकाऊपणा यांना पाचपैकी गुण. भाकरी कोरडी खावी. दोन नमुन्यांच्या मध्ये साध्या पाण्यानं चूळ भरावी. परीक्षकांनी आपसात बोलू नये.

भाकरी करणार कुंदाबाई. केंद्राच्या शेतावर त्या पंचवीस वर्षं रोजावर होत्या. निंदणी, कापणी, कणसांना पिशव्या चढवणं ही त्यांची कागदावरची कामं. कागदाबाहेरचं काम म्हणजे सगळ्या केंद्राचा चहा, आणि ज्याला जे सुनवायचं ते सुनावणं. त्यांची भाकरी परातीएवढी, कागदाएवढी पातळ आणि तव्यावर टम्म फुगायची. संचालक बदलून जाताना निरोपाच्या भाषणात तीन वेळा त्यांचं नाव घेत.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पहिली चाचणी झाली. दहा परीक्षक ओळीनं बसले: भांडारपाल कौतिक, निवृत्त वॉचमन अभिमन आबा, दोन ड्रायव्हर, हिशेबनीस, आणि बाकीचे त्या दिवशी कामावर होते म्हणून. साठ तुकडे वाटले गेले, तीनशे गुण भरले गेले. संध्याकाळी मॅडमनी ते संगणकात घातले. संगणकानं हिशेब करायला नकार दिला.

"झुलालभाऊ, इकडे या जरा. हे काय आहे?"

झुलालनं पडद्यावर पाहिलं. तीनशे आकडे होते. सगळे पाच.

"चांगलं आहे की मॅडम."

"चांगलं नाही. फरकच नाही. सगळ्यांना पाच म्हणजे कोणालाच काही नाही. सहाव्या नंबरची ज्वारी मी मुद्दाम घातली होती, दोन वर्षं जुनी, कीड लागलेली. तिच्या वासाला पण पाच!"

झुलालनं अभिमन आबांना बोलावलं. आबा आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आबा, सहा नंबरचा वास आला नाही का तुम्हाला?"

"उना ना. खूप उना."

"मग पाच कसे दिले?"

आबांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बाई दारमा उभी व्हती, हातमा उलथनं. तिना तोंडवर दोन लिखू का? मले रोज दोन टाइम चहा लागस."

हिशेबनिसानंही तेच सांगितलं, फक्त शुद्ध मराठीत. कौतिक म्हणाला, आमच्याकडे कोणाच्या घरी जेवून उठताना भाकरीला नाव ठेवलं तर सोयरीक तुटते. मॅडमनी ते टिपून घेतलं आणि खाली लिहिलं, 'परीक्षक भाकरी करणारीला गुण देतात, ज्वारीला नाही.' मग दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या चाचणीला बंदोबस्त कडक झाला. कुंदाबाईंची चूल दोनशे मीटर लांब, यंत्राच्या शेडमध्ये हलवली. भाकरी झाकलेल्या डब्यांतून येतील असं ठरलं. गुणपत्रिकेवर नाव नाही, घडी करून पेटीत टाकायची. आणि निःपक्षपाती परीक्षक हवा म्हणून मॅडमनी पाचोऱ्याहून स्वतःच्या वडिलांना आणलं. मांगीलाल शेठ दाणा चावून तो कुठल्या शिवारातला आहे ते सांगत, आणि कुंदाबाईंचा चहा त्यांनी कधी घेतलेला नव्हता.

परीक्षकांना दारात थांबवून झुलालनं खिसे तपासले. अभिमन आबांच्या खिशात चार हिरव्या मिरच्या निघाल्या. कौतिककडे कागदात गुंडाळलेला ठेचा. एका ड्रायव्हरच्या टिफिनमध्ये वांग्याचं भरीत, वरून कांद्याची पात.

"नियमात कोरडी भाकरी लिहिलीय," झुलाल म्हणाला.

"कोरडी भाकर कैद्याले देतस," आबा म्हणाले. "कैदी बी कांदा मांगस."

मिरच्या, ठेचा आणि भरीत सीलबंद पिशवीत गेलं. पिशवीवर तारीख घातली. दहा जण कोरड्या भाकरीचे तुकडे चघळत आणि चुळा भरत बसले. खोलीत शोकसभेसारखी शांतता होती. मांगीलाल शेठ मात्र डोळे मिटून खात होते आणि गुण दशांशात देत होते.

इकडे झुलालचं लक्ष शेडकडे होतं. सकाळपासून तो चार वेळा तिथं जाऊन आला होता. आत जायची परवानगी नव्हती म्हणून खिडकीतून डोकावायचा, कुंदाबाईंच्या परातीकडे बघायचा आणि 'पाणी हवं का?' असं काहीतरी विचारून परत यायचा. चौथ्या वेळी कुंदाबाईंनी खिडकीला पोतं लावलं.

या खेपेला संगणकानं हिशेब केला. कीड लागलेल्या ज्वारीला एक पूर्णांक दोन. दादरला चार पूर्णांक एक. आणि चारशे सतराला चार पूर्णांक सहा.

मॅडमनी तीनदा तपासलं. मग त्यांनी झुलालला पेढा दिला. पेढा मॅडमनी स्वतः आणला होता आणि एकच आणला होता, कारण निकालाची शक्यता त्यांनी साठ टक्के धरली होती.

"शुक्रवारी समितीची ऑनलाइन बैठक आहे," त्या म्हणाल्या. "त्याआधी तेवढं नेहमीचं प्रथिनांचं टेस्टिंग उरकून घ्या. मी पत्र तयार करते."

झुलालनं सासऱ्यांना मेसेज केला, 'माझा रिपोर्ट चांगला आला.' सासऱ्यांनी विचारलं, 'साखर किती?'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं उरलेल्या भाकरीचे नमुने यंत्रात घातले. पाच वाणांची प्रथिनं दाण्यात जेवढी तेवढीच भाकरीत होती. चारशे सतराच्या दाण्यात नऊ पूर्णांक आठ टक्के होती. भाकरीत अकरा पूर्णांक आठ.

झुलालनं यंत्र बंद करून परत चालू केलं. अकरा पूर्णांक आठ. त्यानं यंत्राची बाजू पुसली, अगरबत्ती लावावी का याचा विचार केला, आणि पुन्हा चालवलं. अकरा पूर्णांक आठ. भाजल्यानं प्रथिनं वाढत असती तर देशातलं कुपोषण तव्यावरच संपलं असतं. मग त्यानं भाकरीतून डीएनए काढला. भाजलेल्या भाकरीतून डीएनए काढणं म्हणजे राखेतून पत्र वाचणं, पण अकरा वर्षांचा हात होता. एक दिवस आणि अर्धी रात्र गेली. जेलवर चारशे सतराचे सगळे ओळखीचे पट्टे उमटले, आणि त्यांच्या शेजारी एक अनोळखी पट्टा उमटला. जणू कुटुंबाच्या फोटोत कोणीतरी परका पाव्हणा येऊन उभा राहिला होता.

झुलालनं तो पट्टा ज्वारीच्या साऱ्या वाणांशी ताडून पाहिला. बाजरीशी पाहिला, मक्याशी पाहिला. कंटाळून शेवटी त्यानं डबा उघडला, भाकरीचा कोपरा मोडला आणि तोंडात टाकला.

दुसऱ्या चावण्यालाच तो थांबला. ही चव त्यानं जन्मापासून रोज खाल्ली होती. आईच्या हातची, बायकोच्या हातची, शेतात, एसटीत, सासरवाडीत. त्याला कुठल्या यंत्राची गरज नव्हती.

"कळणा," तो मोठ्यानं म्हणाला.

कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. खानदेशात ही भाकरी ठेच्याबरोबर आणि शेंगदाण्याच्या तेलाबरोबर खातात, आणि ती खाऊन कोणी पाचपैकी तीन दिल्याचं ऐकिवात नाही.

त्यानं आधी अभिमन आबांना गाठलं.

"आबा, तिसऱ्या नंबरच्या भाकरीत उडीद होता, तुम्हाला कळलं होतं?"

"पयलाच घासले."

"मग सांगितलं का नाही?"

"कागदवर तो रकाना नव्हता. रंग व्हता, वास व्हता. 'यामा काय टाकेल शे' असं कोठे लिखेल व्हतं?"

कौतिकलाही कळलं होतं. दोन्ही ड्रायव्हरांना कळलं होतं. दहाच्या दहा जणांना कळलं होतं आणि प्रत्येकाला वाटलं होतं की ऑफिसनंच घातलंय, शेवटी आपली दया आली. झुलालनं धीर करून पाचोऱ्याला फोन लावला.

"अरे झुलालभाऊ, तोंडात टाकल्या टाकल्या समजलं," मांगीलाल शेठ म्हणाले. "उडीद पण चांगला होता, यंदाचा माल. मला वाटलं सरकारनीच घातला असेल."

"मॅडमना बोलला नाहीत?"

"ती म्हणते, घरी ऑफिसची गोष्ट नको. मग मी बोलत नाही. जेवताना तर बिलकुल नाही."

कुंदाबाई यंत्राच्या शेडमध्ये कणसांच्या पिशव्या मोजत होत्या. झुलाल समोर जाऊन बसला. त्या त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, आणि चिडला की तो त्यांना अक्का म्हणायचा.

"अक्का, तीन नंबरच्या पिठात काय घातलं?"

कुंदाबाईंनी मोजणं थांबवलं नाही. "चोपन्न, पंचावन्न. उडीदनं पीठ. छप्पन्न."

"का?"

आता त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. "मंग काय करू भाऊ? तुमनी ज्वारी मी लगेच वळखस. थापाले गऊ ते फाटी गयी. उकळतं पानी टाकं, तरी फाटी गयी. तव्यावर टाकी ते तिना चार तुकडा व्हई ग्यात. आनि तुम्ही सकायपाईन चार खेप खिडकीमाईन डोकायी ग्यात, तोंड असं जसं घरमा पोरगी पाहाले पाव्हना येल शेतस. मले दया उनी. घरना डबामा मूठभर उडीदनं पीठ व्हतं, टाकी दिन्हं. पयली खेपलेबी टाकेल व्हतं."

"बाकीच्या पाचांत?"

"त्यासले काय धाड भरनी? त्या चांगल्या शेतस."

झुलालनं कोपऱ्यातला पिठाचा डबा पुढे ओढला. मग तो म्हणाला, "तीन नंबरची एक भाकर करून द्या. उडीद न घालता."

"फाटेल भाकर मी कोनापुढे ठेवत नही."

"मी कोणी नाही. मला द्या."

त्यांनी तोंड वाकडं करून चूल पेटवली. भाकरी खरंच परातीतच फाटली. तव्यावर गेली तेव्हा तिचा आकार धुळे जिल्ह्यासारखा होता आणि उतरली तेव्हा तालुके वेगळे झाले होते. झुलालनं त्यातला एक तालुका उचलला. अकरा वर्षं, सत्तावीस दाणे, बावीस चाचण्या. तो चावला. चव वाईट असती तर त्याला राग तरी आला असता. इथं चवच नव्हती. ओल्या पुठ्ठ्यासारखी ती दाताखाली सरकत होती.

त्यानं एकेक तुकडा उचलून सगळी भाकरी संपवली. कुंदाबाईंनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि पाठ करून पुन्हा पिशव्या मोजायला घेतल्या. मोजणी त्यांनी एकपासून सुरू केली.

गुरुवार होता. पत्र तयार होतं, फक्त पाठवायचं होतं. आता कोणी काही बोलणार नव्हतं. दहा परीक्षक विचारल्याशिवाय बोलत नव्हते, शेठजी जेवताना बोलत नव्हते आणि प्रथिनांचा आकडा झुलालच्याच वहीत होता. तिथं भाकरीच्या जागी चुकून दाण्याचाच आकडा पुन्हा लिहिला असता तर चारशे सतरा सरळ राज्याच्या चाचण्यांना गेला असता. झुलालनं हा विचार लॅबच्या दारापासून मॅडमच्या केबिनपर्यंत केला. अंतर सव्वीस पावलं होतं. विचार पुरा झाला नाही आणि केबिन आली.

"मॅडम, भाकरीत उडीद होता."

चेलना मॅडमनी चष्मा काढला. झुलालनं सगळं सांगितलं: प्रथिनं, पट्टा, फाटलेली भाकरी, दया. शेठजींचं सांगावं की नाही, असं वाटलं, पण तेही सांगून टाकलं. मॅडम भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होत्या. झुलाल शीतगृहाच्या किल्लीचा विचार करत होता.

"किती घातला?" मॅडमनी विचारलं.

"काय?"

"उडीद. किती घातला?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे काय? बोलवा त्यांना."

कुंदाबाई लॅबमध्ये पहिल्यांदाच येत होत्या, म्हणून त्यांनी चपला बाहेर काढल्या. मॅडमनी त्यांच्यापुढे उडदाच्या पिठाचा डबा ठेवला आणि तिथल्या सगळ्यात महागड्या तराजूवर मूठ रिकामी करायला सांगितलं. एकदा नाही, दहादा. एक्केचाळीस ग्रॅम. एक्केचाळीस. एक्केचाळीस. सातव्या वेळी बेचाळीस आले तेव्हा कुंदाबाईच म्हणाल्या, "थांबा, हाऊ जास्त व्हई गया," आणि दोन बोटांनी चिमूटभर परत घेतलं.

मॅडमनी आकडे मांडले. मग त्या झुलालला हळूच म्हणाल्या, "थेंब मोजायच्या आपल्या पिपेटपेक्षा फरक कमी आहे." त्यांच्या आवाजात झुलालनं पहिल्यांदा भक्ती ऐकली.

"मॅडम, मग चारशे सतरा..."

"साध्या भाकरीत तो नापास. तसंच लिहायचं, तुमच्याच हातानं लिहा. पण झुलालभाऊ, इथं किती लोक साधी भाकरी खातात आणि किती लोक कळणा?"

"ते काय मोजलेलं नाही."

"तेच तर. मग आपण चाचणी कशाची घेत होतो?"

त्याच दुपारी तिसरी चाचणी झाली. सहाही वाणांत कुंदाबाईंची एकेक मूठ उडीद. न्याय म्हणून कीड लागलेल्या ज्वारीतही घातला, तेव्हा कुंदाबाईंनी नाक मुरडून, डोळे मिटून घातला. परीक्षकांना आता लपवायला काही नव्हतं. अभिमन आबांनी तर लेखी मागणी केली की कळणा कोरडा खायला लावणं हा गुन्हा समजावा, आणि प्रत्येकाला अर्धा चमचा ठेचा मंजूर झाला, तोही तराजूवर मोजून. पुन्हा बोलावून आणलेल्या मांगीलाल शेठांसाठी बिनलसणाचा वेगळा.

निकाल आला. दादर चार पूर्णांक तीन. चारशे सतरा चार पूर्णांक चार. उडदाचा चिकटपणा आणि चारशे सतराचा कोरडेपणा यांचं जमलं होतं; दादरची भाकरी उडीद घातल्यावर जरा जडच झाली. मॅडम म्हणाल्या, "एक दशांशचा फरक आहे, यावर मी पेढा आणणार नाही." त्यांनी पत्र फाडलं आणि नवं लिहिलं. त्यात साध्या भाकरीचा 'नापास' शेरा पहिल्या ओळीत होता, झुलालच्या अक्षरात.

शुक्रवारी अकरा वाजता ऑनलाइन बैठक सुरू झाली. पडद्यावर चौदा चौकोन. झुलाल मॅडमच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही असा उभा होता. त्यामुळे त्याचं फक्त पोट येत होतं.

मॅडमनी सगळं सांगितलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. "डॉक्टर ओस्तवाल, कळणा हे पीक आहे की वाण?"

"भाकरी आहे, सर."

"मग भाकरीच्या रकान्यात तर तुम्ही नापास लिहिलंय."

"ती साधी भाकरी, सर. ही कळण्याची."

"आपल्या प्रपत्रात भाकरी एकच आहे," अध्यक्ष म्हणाले. "नापास तो नापास. पुढचा विषय घ्या."

झुलालचं पोट पडद्यावरून नाहीसं झालं. तो खाली बसला होता.

तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातला एक चौकोन उजळला. दिलवरसिंग सर, मूळचे शिरपूरकडचे, गेली सहा वर्षं समितीवर होते आणि सहा वर्षांत त्यांचा कॅमेरा कोणी चालू पाहिला नव्हता. आता त्यांचा चेहरा दिसत होता आणि ते जोरजोरात काहीतरी बोलत होते. आवाज येत नव्हता.

"सर, तुम्ही म्यूट आहात," तिघं म्हणाले.

सर बोलतच राहिले. हातानं थापण्याची खूण केली. मग तव्यावर टाकण्याची. मग मिरची वाटण्याची. मग चार बोटं तोंडाशी नेली आणि डोळे मिटले. बाकीचे तेरा चौकोन बघत होते. शेवटी त्यांना बटण सापडलं तेव्हा एवढंच ऐकू आलं, "...आणि वरून कच्चं तेल. बाद करत असाल तर माझा राजीनामा लिहून घ्या."

राजीनाम्यानं कामं फार वाढतात, हे अध्यक्षांना माहीत होतं. पाच मिनिटं कुजबुज झाली. मग ठरलं की प्रपत्रात शेवटी 'इतर' असा एक रकाना आहे, ज्यात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. चारशे सतरा त्यात टाकावा, एक हंगाम आणखी पेरावा, आणि पुढच्या मार्चला केंद्रानं उडदाच्या बारा जातींबरोबर स्वतंत्र तपासून अहवाल द्यावा.

मॅडमनी आकडेमोड केली. सहा ज्वाऱ्या, बारा उडीद, बहात्तर भाकऱ्या, दहा परीक्षक. अभिमन आबा दाराशीच ऐकत उभे होते. त्यांनी टोपी घातली आणि मुक्ताईनगरला लेकीकडे जायचंय, परतायचं नक्की नाही, असं सांगून निघून गेले.

झुलाल शेडमध्ये आला. कुंदाबाई परात घासत होत्या.

"पास व्हयना का?" त्यांनी विचारलं.

"नही."

"मंग नापास?"

"ते बी नही. इतरमा टाकात. आखो एक साल."

कुंदाबाईंनी परात उपडी ठेवली, तिच्यावर बसल्या आणि जरा विचार केला. "चालस. मना मालक वीस सालपाईन इतरमाच शे. काई बिघडत नही त्यानं. दोन टाइम जेवस, म्हशी सांभाळस."

झुलाल हसला आणि मग कागद काढून त्यानं भांडारासाठी मागणीपत्र लिहायला घेतलं: उडीद, बारा जाती, प्रत्येकी दोन किलो. कौतिकनं ते वाचलं आणि परत केलं. हे तृणधान्य केंद्र आहे, तो म्हणाला, कडधान्य मागवता येणार नाही, कारण लिहा.

झुलालनं कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सोबत म्हणून', आणि सही केली.